खलाशाचा चेहरा

कंपनीने रंगरावांना प्रशिक्षणासाठी विलायतेस धाडले होते. तेथील एका ओस, पावसाळी समुद्रकाठी, फळीवर रंगविलेल्या लठ्ठ खलाशाच्या तोंडाच्या जागी पाडलेल्या भोकातून आपला चेहरा बाहेर काढून त्यांनी फोटो काढून घेतला. तो चिंचवडच्या घरी भिंतीवर होता.

वडील वारले. दहाव्याला पवनेच्या घाटावर भावांच्या दाढ्या वाढलेल्या होत्या. रंगरावांचे गाल मात्र गुळगुळीत होते.

“बापाच्या सुतकात दाढी केलीस व्हय?” चुलते कोंडिबा म्हणाले. “पिंडाला हात लावायचा न्हाई.”

“काका, मी वस्तऱ्याला शिवलोसुद्धा नाही.”

कोणीही ऐकले नाही. रंगराव एकटेच घरी परतले. आई त्या फोटोची काच पदराने पुसत होती.

“निघतच न्हाई रे,” ती म्हणाली.

रंगराव जवळ गेले. खलाशाच्या चेहऱ्यावर दहा दिवसांची दाढी वाढली होती, आणि डोळे रडून सुजले होते.