ढ

मानसशास्त्राची मोठी परीक्षा तोंडावर आली, तरी पोरीच्या शिकवणीला एकही सर टिकेना. शेवटी आईने या नव्या बाईंना गाठलं. "आमची पोर म्हणजे अगदी ढ हो! पालथ्या घड्यावर पाणी," असं पोरीच्या देखतच सांगून ती स्वयंपाकघरात गेली. बाईंना पोरीची दयाच आली.

त्यांनी सोप्यापासून सुरुवात केली. "घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. अशी सवय कशी लावतात, सांग बघू."

पोरीने डोकं खाजवलं. "व्याख्या नाही येत, बाई. करून दाखवू?"

तिने पुस्तक धपकन मिटलं आणि एक लांबलचक उसासा सोडला.

आत पातेलं खणखणलं. दुधाचा कप घेऊन आई धावतच बाहेर आली. "दमलं गं माझं पिल्लू! राहू दे आता, उरलेलं उद्या कर." पोरीच्या पाठीवरून हात फिरवून ती आत गेलीसुद्धा.

बाई कपाकडे बघतच राहिल्या. "हे शिकवायला फार वेळ लागला का गं तुला?"

 

"छे! आई पटकन शिकली," दुधाचा घोट घेत पोरगी म्हणाली. "बाबा मात्र अगदी ढ निघाले."