एकेक वाढवून

जानराव मास्तरांची वर्गसमीकरणं उलटीकडून जन्माला यायची. ते आधी उत्तराच्या दोन संख्या ठरवायचे, मग त्यांची बेरीज नि गुणाकार घेऊन समीकरण उभं करायचे.

अठ्ठावन्न सालच्या जुलैत, अकोल्याच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या वसंतरावांकडे त्यांनी आपल्या वर्गाच्या चाचणीचे पेपर सरकवले. "तुमीच तपासा. माह्याच्यानं होऊन नाही राहिलं," एवढंच म्हणाले.

समीकरण होतं क्ष² − १६क्ष + ६० = ०. उत्तर दहा आणि सहा. पण अख्ख्या वर्गानं एकही पायरी न मांडता दहा आणि सात लिहिलं होतं.

वसंतरावांनी मॉनिटर देवमनला उभं करून खडसावलं. तो खालमानेनं म्हणाला, "कॉपी नाही केली, सर. मास्तरायच्या दोन पोरी हायेत, मैना अन् सुंदरा. त्याइचंच वय राह्यते उत्तरात. वरच्या वर्गातल्या पोरायनं सांगतलं होतं, मांगच्या साली नऊ अन् सहा होतं, दरसाली एकेक वाढवून लिवायचं."

वसंतराव तणतणत गठ्ठा घेऊन मास्तरांकडे गेले. "सगळ्या वर्गाला शून्य देतो," म्हणाले.

मास्तरांनी वरच्या पेपरावरच्या त्या सातावर बोट ठेवलं.



"पूर्ण मार्क द्या, वसंतराव. पोरायले काय मालूम, आमची सुंदरा उन्हाळ्यात गेली, सहाचीच राहिली."