झाकणावर तीन ठोके

झाकणावर तीन ठोके मारले की तितर बाहेर येतात, हे मेहनाजनेच जुनेदला सांगितलं होतं. अब्बू गेल्यावर तिसऱ्या दिवशीची जियारत आटोपून ती नागपूरला निघाली तेव्हा भावाला मागच्या अंगणात बोरीखाली नेऊन तिने करून दाखवलं. डाव्या हातात वार्निशच्या डब्याचं झाकण, उजव्या हातात अब्बूंचा पाना. मग मूठभर ज्वारी. मग चार पावलं मागे येऊन गप्प बसायचं.

"चुकवू नकोस," ती म्हणाली होती. "त्यांना यायला तीन वर्षं लागली."

जुनेदने चुकवलं नाही. रोज सकाळी तो ते ठोके मोबाइलवर रेकॉर्ड करून तिला पाठवायचा. ती बसमध्ये कानाशी धरून ऐकायची. ठोके, थोडी शांतता, मग दाणे टिपल्याचा बारीक आवाज. परवासुद्धा आला होता.

आज अब्बूंचा चाळीसवा दिवस. बाभुळगावच्या अब्बूंच्या घरातून पाहुणे जेवून गेले होते. दस्तरखानाशी चौघंच उरली होती: अम्मी, जुनेद, मेहनाज आणि अब्बूंचे जुने दोस्त भगवानराव. फातेह्यासाठी अब्बूंच्या आवडीचं सगळं मांडून झालं होतं. शेवयांची खीर, कैरीचं लोणचं, विड्याची दोन पानं. आता जुनेदने स्वयंपाकघरातून एक झाकलेलं पातेलं आणलं.

"हे फक्त घरच्याईले," तो म्हणाला आणि पहिली वाटी मेहनाजआपाला दिली.

तांबड्या रश्श्यात बोटाएवढी तंगडी होती.

"कोंबडी एवढी लहान?"

"कोंबडी असती तं झाकून कायले आणली असती, आपा?"

भगवानराव हसले. "तितर हाय, पोरी. तुह्या बापाचा जीव होता तितरावर. जवानीत आम्ही दोघं एका तितरासाठी अर्धा अर्धा दिवस नाल्यात पडून राहत होतो. काटे वेगळे, विंचू वेगळे. अन् इथं पाह्य! झाकण वाजवलं का शाळेतल्या पोट्ट्याईवानी रांगेनं येतेत. मी फक्त फासे बांधून देले. बाकी सारं यानं केलं."

जुनेद लाजून हसला. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. "मले वाटे, मी फासा ओढला का सारेच उडतील. नाही उडले. एकेक दिवशी एकेक धरला. दुसऱ्या दिवशी बाकीचे पुन्हा हाजीर. तू सांगितलं तसंच केलं ना. चार पावलं मांगं, अन् गप्प."

मेहनाजने वाटी खाली ठेवली.

"अब्बूंनी वीस वर्षांत तितर खाल्लं नव्हतं."

"भेटलं कुठं त्याले?" भगवानराव म्हणाले. "रातंदिवस पंपाच्या जळालेल्या मोटारीत तार भरत बसे दुकानात."

"पायाशी होते, काका. रोज सकाळी."

भगवानरावांनी रश्श्यात बुडवलेला घास तसाच धरून ठेवला. मग खाल्ला.

अम्मी जुनेदकडे पाहत होती. "फातेहा झालेलं अन्न हाय, बेटा," ती मेहनाजला हळूच म्हणाली. "नाही म्हणू नको. लेकरू चाळीस दिवसांपासून घराकडं नीट पाहून नाही राह्यलं. अब्बूसाठी काही करतो म्हणे, तं हे केलं."

"किती होते?" मेहनाजने विचारलं.

"नऊ," जुनेद म्हणाला. "सहाच धरले. तीन ठेवले ना. बरसीले लागतील."

तिने ताटातली चपाती उचलून वाटीवर झाकली आणि उठली.

मागचं अंगण होतं तसंच होतं. अब्बूंनी फरशी उखडून मोकळी केलेली जमीन, गुडघाभर गवत, कोपऱ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. जाळून टाका म्हणून अम्मी दरवर्षी मागे लागायची आणि ते दरवर्षी त्यावर आणखी एक गाडी टाकायचे. भिंतीच्या तळाशी दोन विटा काढलेल्या, पलीकडच्या नाल्यातून ज्याला यायचं त्याला येता यावं म्हणून. मातीच्या परळात पाणी होतं. पाण्यात मधमाशांना बसायला दगडही होता. जुनेदने काही म्हणता काही मोडलं नव्हतं. बोरीखाली फक्त फाशांच्या सहा लहान खुंट्या होत्या, ओळीने, नीट ठोकलेल्या.

मेहनाजने त्या एकेक करून उपटल्या आणि भिंतीपलीकडे फेकल्या. मग फांदीवरचं झाकण काढलं. पाना त्याच्याच शेजारी तांब्याच्या तारेने लटकत होता.

तिने तीन ठोके मारले.

भर दुपार होती. ही त्यांची यायची वेळ नव्हती. तरी पऱ्हाट्या हलल्या. आधी एक मान बाहेर आली, मग तिघेही. गवतातून वाट काढत ते थेट तिच्या दिशेने आले. दोन हातांवर थांबले. ती खाली वाकली, तसे आणखी जवळ आले.

तिने ढेकूळ उचललं आणि त्यांना हुसकवायला मारलं.

ते त्यांच्या अलीकडे पडून फुटलं. तितर दचकले, चार पावलं मागे सरले. भिंतीतली वाट त्यांच्या मागेच होती. तिघांनीही माना वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पहिला पुढे आला, आणि त्याच्यामागून दुसरे दोन. फुटलेल्या ढेकळात ते दाणे शोधू लागले.

आतून जुनेदची हाक आली, "आपा, आले काय?"

मेहनाजने परळात हात घालून मधमाशांचा दगड उचलला.