पट्ट्यावरची खोली

इंजिनिअरसाहेबांनी बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली. "इथपासून त्या कुंपणापर्यंतचा पट्टा कागदोपत्री तुमचा. पण खालून सगळ्या गल्लीच्या गटाराचा नळ जातो. आम्हाला कधीही खोदावं लागेल. त्यामुळे यावर बांधकाम नाही म्हणजे नाही."

"बांधतेय कुठे? उभं करतेय," सेटवाली म्हणाली.

नाटकांचे सेट उभे करणं हा तिचा धंदा, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. नगरपालिकेने तिचा अर्ज दोनदा फेटाळला होता. तिसऱ्यांदा ती अर्ज न घेताच गेली आणि साहेब जागा बघायला येतो म्हणेपर्यंत त्यांच्या टेबलासमोरून हलली नाही.

खालचा मजला शिंप्याचा, वरचा हिचा. मांडीचं हाड मोडल्यापासून सासूबाई जिना उतरल्या नव्हत्या. पलंगावरून त्यांना समोरच्या घराचं छप्पर तेवढं दिसे. सासू-सुनेचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे गल्लीला पाठ होतं. तरी या अरुंद जागेत सासूबाईंसाठी खोली करायची म्हणून सून हट्टाला पेटली होती.

तिने नमुन्यादाखल उभी केलेली लाकडी भिंत दाखवली, पाना घेऊन चार बोल्ट सोडवले आणि भिंत उचलून बाजूला ठेवली. "फरशीसुद्धा वाळूवर नुसती मांडणार. तुमची माणसं फावडी घेऊन येईपर्यंत जागा मोकळी करून देते."

साहेबांनी तिचा नकाशा उलटसुलट करून पाहिला. "बाई, या खोलीला तीनच भिंती आहेत."

सेटवालीने जीभ चावली. "सवय हो. चौथ्या बाजूला प्रेक्षक बसतात."

"मला नकोत प्रेक्षक!" वरच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. "एक काम धड करेल तर शपथ!"

साहेबांना हसू आवरेना. सेटवालीने कानामागची पेन्सिल काढली आणि चौथी भिंत ओढून दिली. तसे साहेबही जरा सैल झाले. आजारी माणसासाठी एक सवलत आहे म्हणाले. फाइल गुडघ्यावर धरून त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "तात्पुरती परवानगी, रुग्णाच्या हयातीपर्यंत. दरवर्षी हयातीचा दाखला आणायचा. पुढे खोली काढून टाकायची. करा सही."

तिने पेन हातात घेतलं आणि तसंच परत दिलं.

"हे नाही चालणार."

"अहो, देव द्यायला आलाय तर घ्या की!"

"दरवर्षी त्या आहेत का गेल्या, हे सांगायला मी तुमच्या दारात येणार नाही." तिने आवाज खाली आणला होता, पण गल्ली अरुंद होती. "त्यांच्या मरणावर मोजलेली खोली मला नको. नळासाठी काढायची ना? मग नळाचं लिहा. नळ फुटला तर त्याच दिवशी काढते."

"असं आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. मी फाइल बंद करीन."

"करा. उद्या सकाळी मी तुमच्या टेबलासमोर आहेच."

साहेबांनी खरंच फाइल मिटली. सेटवालीला वाटलं, एवढी हातातोंडाशी आलेली खोली आपणच घालवली की काय! पण ती जागची हलली नाही.

साहेबांनी एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग फाइल पुन्हा उघडून लिहिलेली ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. 'नळ बदलण्याची गरज पडेपर्यंत.' सेटवालीने या वेळी वाचून सही केली. डोळे पुसायला तिला पदर पुरला नाही, तिने बाही वापरली.

"अहो साहेब," वरून आवाज आला. नेहमीपेक्षा हळू. "हा नळ किती वर्षं टिकतो?"

"गेल्याच वर्षी नवा टाकलाय, आजी. पन्नास वर्षं तरी बघायला नको."

वर पलंग करकरला.

"ऐकलंस का गं? मग खिडकी रस्त्याच्या बाजूला कर. आणि मोठी कर."