ओढ

न्यायाला विलंब झाला तरी तो न्यायच राहतो. क्रोध मात्र ताटकळला की हिंसेचे रूप घेतो. विभक्त झालेल्या गोकुळ आणि सरिता यांच्यातील मुलीच्या ताब्याचा वाद न्यायालयाने मध्यस्थाकडे सोपविला होता. मध्यस्थ आजारी असल्याने सिल्वासातील बैठक चौथ्यांदा पुढे गेली, आणि बाहेरच्या ओसरीतच दोघे एकमेकांवर तुटून पडले.

"पोर मनी शे, मनासंगे येई!" मुलीवर हक्क सांगत गोकुळ अहिराणीत गरजला.

"आधी तिची इयत्ता सांग, मग बाप हो!"

त्याने हातातले हेल्मेट सरिताच्या तोंडावर हाणले. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावून रक्त काढले. पण सहा वर्षांच्या जुईचा एकेक हात दोघांनीही सोडला नाही. एका हिसक्यासरशी तिचा खांदा निखळला, आणि तिच्या किंकाळीने दोघेही थिजले.

ते तिला जवळच्या सामरवरणी गावात घेऊन धावले. तिथल्या वृद्ध हाडवैद्य पुतळाबाईंनी त्या रक्ताळलेल्या जोडप्याकडे एकवार पाहिले. "आईनं डोकं मांडीवर घे, बापानं कंबर धर. नुसतं धरायचं. ओढायचं काम माझं."

दोघांनी धरले. हाड जागेवर बसले.

"झालं. सोडा आता," पुतळाबाई म्हणाल्या.

कोणीच सोडले नाही. त्या हातांत प्रथमच ओढाताण नव्हती, ओढ होती.

त्या बालिकेच्या नशिबी दोन घरे असली, तरी दोन्ही घरी तिला असेच धरणारे हात लाभोत.