कोर्टासाठी ऐकणारी

मनोविकारतज्ज्ञ होऊनही तिचं शिकणं संपलं नव्हतं. आता कोर्टासाठी आरोपी तपासण्याची फेलोशिप चालू होती. भावाच्या खुनाचा आरोप असलेल्या सुताराला तिनं सुरुवातीलाच बजावलं होतं, “इथं बोलाल ते सगळं न्यायाधीश वाचणार.” त्यानं मान डोलावली. पण वॉर्डातली जुनी सवय जाते कुठं! तासभर “हं, मग?” म्हणत तिनं ऐकलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि गडी विरघळला. “ताई, हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही,” तो कुजबुजला, “भाऊ जिन्यावरून पडला ना, तेव्हा मी…” आणखी एकदा “हं” म्हटलं, की अहवाल पूर्ण. “थांबा काका, मी तुमची डॉक्टर नाही,” ती म्हणाली, “मी कोर्टासाठी लिहितेय.” त्यानं पेला परत तिच्याकडे सरकवला. “मग एवढ्या मायेनं कशाला विचारत होतात?” पेनाचं टोपण शोधायच्या निमित्तानं ती टेबलाखाली वाकली आणि तिथंच रेंगाळली.