दोन आकड्यांची वही

“सर, तो एक तारा नाहीये. दोन आहेत.”

एवढं वाक्य बोलायला विद्यार्थिनीला दोन कप चहा लागला. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलं होतं, की या ताऱ्यात काही धातू भलतेच जास्त आहेत आणि काही नावालाही नाहीत. हा तारा जगावेगळा आहे. वेधशाळेत त्याला अजून ‘सरांचा तारा’ म्हणत. त्यांच्या नावावर तेवढं एकच काय ते होतं.

“दोघंही अगदी साधे आहेत, सर. पण इतके जवळ, की दुर्बिणीतून एकच ठिपका दिसतो. दोघांचा उजेड मिसळतो आणि आपल्याला वाटतं, एकच आहे आणि विचित्र आहे.”

“खात्री आहे?”

“जवळजवळ. ते एकमेकांभोवती फिरतात, त्यामुळे वर्णपटातली रेषा काही दिवस एक दिसते, काही दिवस फुटून दोन. जुन्या मोजणीत तसं कुठे सापडलं, तर प्रश्नच मिटला. वर्णपटाची छायाचित्रं घेतलेल्या वेधशाळेतल्या काचा तर फुटून गेल्या. तुमच्याकडे वही होती ना?”

होती. हरवली म्हणाले असते, तर पोरीने विश्वास ठेवला असता.

“बघतो,” म्हणून सर आत गेले.

वही कपाटाच्या खालच्या खणात होती. अक्षर बायकोचं. त्या काळी मोजणीला माणूस मिळत नसे, म्हणून लग्नानंतर दोन वर्षं ती रोज दुपारी वेधशाळेत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. काचेवरची एकेक रेषा कुठे आहे, ते पेन्सिलीने लिहायची.

त्यांनी पानं उलटली. बऱ्याच पानांवर रेषेपुढे एक आकडा होता. मधली काही पानं मात्र वेगळी होती. तिथे प्रत्येक रेषेपुढे दोन आकडे, एकाखाली एक, बारीक आणि नीटस. आणि प्रत्येक जोडीशेजारी लाल शाईत, त्यांच्या हातची, सरासरी.

“एका रेषेला दोन आकडे कसे येतील? डोळे थकलेत तुझे,” ते तेव्हा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दोन लिहिले. त्यांनी पुन्हा सरासरी काढली.

“अहो, ती पोर ताटकळलीय बाहेर,” बायको दारात आली. हातात त्यांचा शर्ट होता, सुईदोऱ्यासकट. “काय झालं?”

“तुझे डोळे थकले नव्हते.”

तिने वहीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“बरं झालं, मोतीबिंदू काढून झाल्यावर सांगितलंत. आता नीट वाचता तरी येईल मला.”

“तेव्हा भांडली का नाहीस?”

“भांडले की,” बायको म्हणाली. “रोज दोन आकडे लिहिले.”

दाताने दोरा तोडून ती आत वळली.

सर बाहेर आले. वही त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. “लाल शाई सोडून वाच.”

विद्यार्थिनीचं बोट पानावरून सरकत गेलं आणि थांबलं. “सर! दोन्ही आहेत. चाळीस वर्षांपूर्वी! हे मोजलं कुणी?”

“तुझ्या काकूंनी. पण माझ्या निबंधावर नाव एकच होतं,” सर म्हणाले. “ताऱ्याचं सुधारतेयस, तर तेवढंही सुधार.”

तिने पेन उघडलं. “मग सर, आधी काकूंचं नाव लिहू, की तुमचं?”

सर काही सांगणार, तोवर आतून आवाज आला.

“कसंही लिही गं. फक्त त्यांना सरासरी काढू देऊ नकोस.”